निपाणीच्या काट्यावर तेरा खेळाडू

पुण्याहून सकाळी निघालेली गाडी मिरजेला येईपर्यंत मी मांडीवरची लाकडी पेटी एकदाही खाली ठेवली नाही. तिच्यात कापसात गुंडाळलेली एक ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजायची काचेची नळी), दोन पिपेट आणि काळ्या कागदात बांधलेली सिल्व्हर नायट्रेटची बाटली होती. या द्रावणाला उजेड सोसत नाही, आणि ते बोटांना लागले तर काळे डाग पडतात. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर ते होतेच. समोरच्या बाकावरच्या वयस्क बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि शेवटी विचारले,

"भाजलं वाटतं?"

"नाही. घामातले मीठ मोजायचा सराव करताना पडले."

"कुणाच्या घामातलं?"

"अजून ठरायचे आहे."

बाईंनी पदर सावरून खिडकीकडे तोंड केले.

मी बेळगावला निघाले होते ती एका लष्करी रग्बी संघासाठी. वाचकांपैकी फार थोड्यांनी हा खेळ पाहिला असेल, म्हणून आधी त्याची ओळख. इंग्लंडच्या उत्तर भागात कोळशाच्या खाणींत आणि कापडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या लोकांचा हा खेळ. एका बाजूला तेरा गडी असतात. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो काखेत मारून पळायचे आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी धरून जमिनीवर आदळायचे. आदळलेल्याने उठून चेंडू पायाने मागे सारला की पुन्हा तेच. महायुद्ध संपून काही महिने झाले होते, आणि सैनिक झालेल्या अशा खेळाडूंचा एक संघ घरी परतण्यापूर्वी हिंदुस्थानातल्या छावण्यांतून सामने खेळत फिरत होता. बेळगाव हा त्यांचा शेवटचा मुक्काम होता. तेथून मुंबई, आणि मुंबईहून बोट.

संघाबरोबर कॅप्टन वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. थंड देशातला माणूस आपल्याकडच्या मार्च महिन्यात ऐंशी मिनिटे असा धावला, तर त्याच्या शरीरातून किती पाणी आणि किती मीठ जाते, हे त्यांना मोजायचे होते. मीठ मोजणारे माणूस त्यांच्याकडे नव्हते, म्हणून पुण्याच्या आमच्या रसायनाच्या प्राध्यापकांनी माझे नाव सुचवले. काम नीट झाले तर इंग्लंडमधल्या आपल्या जुन्या प्रयोगशाळेला माझ्यासाठी शिफारसपत्र लिहीन, असे डॉक्टरांनी कळवले होते. ते पत्र मला हवे होते. संशोधनासाठी जागा शोधायला वडिलांनी मला जूनपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर मुलींच्या शाळेत शिक्षिका व्हायचे, हे मीच कबूल केले होते. मी शब्द दिला की मोडत नाही, हे वडिलांना ठाऊक असल्यामुळे ते निर्धास्त होते.

बेळगावला उतरले तेव्हा दिवे लागत होते. हवेत पुण्यापेक्षा गारवा होता. टिळकवाडीत माझ्या मामांचा लहानसा बंगला आहे. मामा वकील, मामी खानापूरकडची, मराठी आणि कानडी दोन्ही एकाच श्वासात बोलणारी. तिने पेटीकडे पाहिले नाही, फक्त बोटांकडे पाहिले.

"शरयू, आधी ती बोटं लिंबानं घास. मग कुंदा (दूध आटवून केलेली येथील मिठाई) मिळेल."

"लिंबाने जात नाहीत, मामी. ते चांदीचे डाग आहेत."

"चांदी अशी अंगावर वागवतात होय! आमच्याकडं पायात घालतात."

दुसऱ्या दिवशी छावणीत खेळाडूंची ओळख झाली. त्यांतल्या तिघांची नाके मोडून पुन्हा जुळलेली होती. सर्वांत अवाढव्य होता कॉर्पोरल प्रॉक्टर. लष्करात येण्यापूर्वी तो खाणीत कोळसा खोदत होता. चार वर्षांत त्याने घर पाहिले नव्हते; तो निघाला तेव्हा त्याची मुलगी तीन महिन्यांची होती. हे त्याने मला लघवीच्या नमुन्याची बाटली परत देताना सांगितले. माहिती देण्याची ही वेळ मला विचित्र वाटली, पण त्याला वाटली नाही.

पहिला सामना निपाणीला ठरला होता. त्या भागातल्या गावांनी युद्धात बरीच माणसे पाठवली होती, त्यांना खेळ दाखवावा असा वरिष्ठांचा विचार. विरुद्ध बाजूला बेळगाव छावणीचा संघ. "इतक्या गोऱ्यांत एकटीला पाठवणार नाही," असे म्हणून मामी डब्यासह लष्करी मोटारीत येऊन बसली. संकेश्वरला हिरण्यकेशीचा पूल ओलांडला, पुढे तवंदीचा घाट लागला, आणि घाटाच्या एका वळणावर मागच्या लॉरीत मोठा आवाज झाला. डॉक्टरांचे वजनाचे यंत्र घसरून लोखंडी पेटीवर आपटले होते. त्याची स्प्रिंग तुटली होती.

"वजनाशिवाय सारे व्यर्थ आहे," डॉक्टर म्हणाले. ते खरेच होते. घामात किती पाणी गेले हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे सामन्याआधी आणि सामन्यानंतर माणसाचे वजन करणे.

निपाणीत शिरण्याआधी निपाणीचा वास येतो. गाव तंबाखूचे आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वखारी, त्यांच्या दारांत वाळलेल्या पानांचे ढीग, आणि तोंडाला फडके बांधून पान निवडणाऱ्या बायका. ज्यांच्या मैदानावर सामना होता ते अण्णासाहेब हे जैन व्यापारी. मोडक्या यंत्राची हकिगत मी सांगताच ते हसले.

"वजनाचीच अडचण हाय न्हवं? निपाणीत आणखी काय नसंल, पर काटा हाय. आमच्या बाबगोंडाच्या काट्याला बाराशे पोत्यांत एक शेराचा फरक पडत न्हाई."

बाबगोंडा हा त्यांच्या वखारीचा तोलार (मालाचे वजन करणारा माणूस). साठीच्या आसपासचा, कृश, डोक्याला पांढरे मुंडासे. आढ्याला टांगलेला त्याचा तराजू एका पारड्यात सहज दोन माणसे बसतील एवढा होता. मी परीक्षा म्हणून आधी माझ्या पेटीचे आणि मग पेटीवर ठेवलेल्या एका वहीचे वजन करून पाहिले. वहीने काटा हलला. याहून चांगले साधन मला बेळगावातही मिळाले नसते.

मात्र एक अडचण उरली. खेळाडूंचे वजन कपड्यांशिवाय, केवळ आखूड चड्डीवर करायचे होते. अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिले, मामीकडे पाहिले, आणि वखारीत आडवी ताडपत्री बांधायला सांगितले. ताडपत्रीच्या आत काटा, बाबगोंडा आणि प्रत्येकाचा ताप पाहणारे डॉक्टर. बाहेर टेबलापाशी मी आणि मामी. बाबगोंडाला इंग्रजी येत नव्हते, डॉक्टरांना मराठी येत नव्हते. तेव्हा व्यवस्था अशी ठरली, की डॉक्टरांनी खेळाडूचे नाव पुकारावे, बाबगोंडाने वजन पुकारावे, आणि दोन्ही मी लिहावे. सभ्यता आणि शास्त्र या दोहोंची सोय झाली असे मला वाटले.

आतून तोलाराचा सुरेल आवाज आला. "ला‌भ!" पहिल्या तोलाला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे, असा तेथील प्रघात आहे. मग वजने येऊ लागली. "दोन मण चार शेर... एक मण छत्तीस..." मधूनच कोणीतरी प्रचंड शिंकत असे, कारण तंबाखूची धूळ नाकात जाई, मग काटा स्थिर होईपर्यंत सारे थांबत. प्रॉक्टर सलग पाच वेळा शिंकला.

"थांब की रं बाबा," बाबगोंडा म्हणाला, "न्हाईतर शिंकंचं येगळं वज्जन लावीन."

प्रॉक्टर भरला दोन मण चोवीस शेर. शेर म्हणजे सुमारे दोन पौंड, आणि चाळीस शेरांचा मण. मी लिहिले.

खेळाविषयी मी फार लिहीत नाही, कारण माझे लक्ष घड्याळाकडे आणि तापमापकाकडे होते. मात्र प्रेक्षक खेळापेक्षा रंजक होते. हा कुस्तीचा मुलूख आहे. आमच्या मागे बसलेल्या दोघा जुन्या पहिलवानांना पहिली दहा मिनिटे चेंडू हवाच कशाला, हे कळेना.

"त्यो बघ, पाठ टेकली. चीत झाला. आता उठतोय कशाला?"

"उठू द्यात की आप्पा, त्यांच्यात चालतंय."

"चालतंय कसं? चीत झाला म्हंजे झाला. भाईर काढा त्येला!"

"समद्यांस्नी भाईर काढल्यावर खेळायचं कुणी? तुमी?"

"मी? ह्या गुडघ्यानं? दहा वर्सांमागं बोलवायचं हुतं."

सामना संपला तेव्हा सावलीतला पारा शंभराच्या वर होता. खेळाडू नखशिखान्त निथळत होते. एक सोडून. लॉसन नावाचा राखीव खेळाडू दोन्ही डाव झाडाखाली बसून होता. पण उकडले म्हणून त्याने शेवटी टाक्यावर जाऊन दोन घागरी अंगावर ओतून घेतल्या होत्या आणि त्याच स्थितीत तो रांगेत उभा राहिला. मी त्याचेही वजन घेतले. जो खेळलाच नाही त्याचा आकडा तुलनेला उपयोगी पडतो.

पडद्याआडून पुन्हा वजने आली. प्रॉक्टर, दोन मण सोळा शेर. म्हणजे आठ शेरांची घट! साडेसोळा पौंड, शरीराचा तेरावा हिस्सा. मी बाबगोंडाला ओरडून विचारले, "आप्पा, पुन्हा सांगता?"

"दोन मण सोळा, आक्का. नीट धरलंय."

सूर्यास्तापूर्वी अण्णासाहेबांच्या घरी सर्वांना जेवण होते, कारण जैन घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी आणि दही. शरीराचा तेरावा हिस्सा गमावलेला प्रॉक्टर सात भाकऱ्या खाऊन, आठवी कोण आणतो म्हणून दाराकडे पाहत होता. मी ते पाहिले. नोंदवले नाही.

पुढचे दोन दिवस मी मामांच्या व्हरांड्यात बसून गणित केले. आलेख काढला तो अपेक्षेबाहेर सुंदर आला. जितका खेळाडू जड, तितकी घट अधिक; तेरा बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत. चौदावा बिंदू लॉसनचा. एक मिनिटही न खेळता त्याचे वजन साडेतीन शेरांनी उतरले होते. हे अशक्य होते. मी विचार केला, की लिहिताना माझ्याकडून चूक झाली असावी, आणि त्याच्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली. डॉक्टरांना दिलेल्या तक्त्यात ती ओळ नव्हती.

डॉक्टर वॉर्ड यांनी तक्ता उभ्यानेच वाचला आणि मग ते बसले. "इतकी घट मी कुठेही वाचलेली नाही," ते म्हणाले. "हे मी इंग्लंडला पाठवणार. तुमच्या नावासकट. आणि तुमचे पत्र उद्या लिहितो." त्यांनी प्रॉक्टरच्या नावाभोवती वर्तुळ काढले. "हा मात्र पुढचा सामना खेळणार नाही. पुन्हा एवढे पाणी गेले तर हृदय थांबेल. मी त्याला इस्पितळात निरीक्षणाखाली ठेवतो."

"आणि बोट?"

"बोट त्याच्याशिवाय जाईल. पुढची मिळेल केव्हातरी."

संध्याकाळी मी मिठाच्या परीक्षा पुऱ्या करायला इस्पितळाच्या लहान खोलीत बसले होते. प्रॉक्टर दारात येऊन उभा राहिला. त्याने दार पूर्ण व्यापले होते.

"मिस, मला काही होत नाही."

"मला ठाऊक आहे, कॉर्पोरल. पण वजन वेगळे सांगते."

"खाणीत मी याहून जास्त घाम गाळला आहे. तुमच्या काट्याला एकदा पुन्हा विचारता येणार नाही का?" त्याने टोपी काढून हातात घेतली. "मुलगी आता चार वर्षांची झाली. मला पाहून ती रडेल असे बायको लिहिते. निदान लवकर रडून होऊ दे."

तो गेल्यावर मी त्याच्या सामन्यानंतरच्या लघवीची बाटली परीक्षेला घेतली. ज्याच्या शरीराने साडेसोळा पौंड पाणी गमावले, त्याची लघवी थोडी, गडद आणि तीव्र असायला हवी. ही नेहमीएवढी होती, फिकी होती, आणि ब्युरेटमधले द्रावण मिठाचा जो आकडा दाखवत होते तो चारचौघांसारखा होता. मी परीक्षा तीनदा केली. तिन्ही वेळा तेच. मग मी वही उघडून रेघ मारलेली ओळ पुन्हा वाचली. लॉसनने अंगावर पाणी ओतले होते. ज्यांची वजने उतरली ते चौदाही जण ओले होते. आणि मी कोणाचेही वजन पाहिले नव्हते. मी ते ऐकले होते.

गप्प राहणे शक्य होते. प्रॉक्टर दीड-दोन महिन्यांनी घरी पोहोचला असता. पत्र मात्र उद्या लिहिले जाणार होते. हा हिशेब मी केला, हे येथे लपवत नाही. नंतर मामीला सांगितले, की सकाळी निपाणीला जायचे आहे.

कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार तवंदीच्या घाटाशी दोनदा थांबली. ड्रायव्हरने खाली उतरून पाठीमागच्या शेगडीत कोळसे ढवळले आणि पुरुष उतारूंना पायी चढायला लावले. निपाणीत पोहोचलो तर वखारी बंद, अमावास्या होती. बाबगोंडा आपल्या गावी, कोगनोळीला गेला होता. आम्ही पुढची मोटार धरली. कोगनोळीपलीकडे कोल्हापूर संस्थानाची हद्द सुरू होते, आणि तिथल्या नाक्यावरच्या शिपायाने मोटार झडतीसाठी गावापाशीच अडवली. माझी पिशवी पाहून तो पुढे आला.

"तंबाकू हाय काय, बाई?"

"वही आहे."

"वहीला जकात न्हाय," तो उदारपणे म्हणाला, आणि बाबगोंडाचे घर त्यानेच दाखवले.

बाबगोंडा अंगणात दोरी वळत बसला होता. त्याच्या बायकोने, पद्माक्कांनी, आधी आंबील (ज्वारीचे पीठ ताकात शिजवून केलेले पेय) हातात दिली आणि मगच बसू दिले. मी सरळ विचारले.

"आप्पा, सामन्यानंतर तुम्ही वजने पुकारलीत. काट्यावर जे दिसले तेच पुकारलेत ना?"

"काट्यावरचं कसं पुकारीन, आक्का? वल्ला माल हुता की."

"म्हणजे?"

"वल्ल्या मालाला मणामागं दोन शेर तूट. ही समद्या निपाणीची रीत हाय. घेणारा पान घेतोय, पाणी न्हाय. सकाळी मान्सं वाळकी हुती, तवा न्हाय धरली. नंतर आली ती आंघूळ केल्यागत निथळत. मग धरली. माझ्या काट्यावर अन्याव व्हत न्हाय, कुणालाबी इचारा."

मामीने पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलेच. "म्हणजे आप्पा, तुमी तेरा गोऱ्यांची तूट धरलासा?"

"चौदा," बाबगोंडाने दुरुस्त केले. "त्यो पाणी वतून घेतलेला धरून."

मी आंबिलीचे भांडे खाली ठेवले. "आप्पा, मला त्यांचे पाणीच मोजायचे होते. किती गेले ते."

तो दोरी वळायचा थांबला. "मग तसं सांगायचं न्हाय व्हय? पाण्याचंबी गिऱ्हाईक असतंय, हे मला कसं ठावं?"

वजन कशासाठी हवे, हे मी त्याला एका शब्दाने सांगितले नव्हते. परीक्षा मी काट्याची घेतली होती. काटेवाल्याची रीत विचारली नव्हती.

"म्हणजे आता खरी वजने गेलीच," मी म्हणाले.

"गेली कशी? कच्चं वज्जन हाय की." तो आत गेला आणि लांबट बांधणीची एक वही घेऊन आला. काट्यावर दिसते ते कच्चे वजन, तूट वजा जाता पुकारतात ते पक्के. दोन्ही लिहून ठेवल्याशिवाय तोलार उठत नाही. इंग्रजी नावे त्याच्या जिभेवर बसली नव्हती, म्हणून त्याने आपल्या सोईने लिहिली होती, आणि आता तो ती मोडी अक्षरे बोट ठेवून वाचू लागला. वाकड्या नाकाचा. दुसरा वाकड्या नाकाचा. तांबडा. लांब्या. हत्ती.

"हत्ती किती?" मी विचारले.

"पयलं दोन मण चोवीस. मागनं कच्चं दोन मण येकवीस."

तीन शेर. सहा पौंडांहून किंचित अधिक. उन्हात ऐंशी मिनिटे धावणारा कोणताही धडधाकट माणूस एवढे गमावतो.

"आणि पाणी ओतून घेतलेला?"

"त्यो वाढला. अर्धा शेर."

अर्थात वाढला. दोन घागरी अंगावर घेऊन, वर तांब्याभर पिऊन, तो वाढणारच होता. चौदा बिंदूंत शुद्ध सत्य सांगणारा तो एकच होता, आणि मी नेमकी त्याच्यावर रेघ मारली होती.

आकडे उतरवून घेताना बाबगोंडाने माझी वही कुतूहलाने पाहिली. "ही रेघ कसली?"

"तो आकडा बसत नव्हता म्हणून खोडला."

"वहीत खोडत न्हाईत, आक्का. चुकलं तर खाली दुसरी वळ घालायची. वरची ऱ्हाती तशीच." शाई सांडली तर पुसून घ्या, असे सांगावे तशा सुरात त्याने हे सांगितले आणि दोरी पुन्हा हातात घेतली. मी रेघेखाली लॉसनची नवी ओळ लिहिली. पद्माक्कांनी निघताना मामीच्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या, आणि माझ्या काळ्या बोटांना लावायला म्हणून एक लिंबू दिले.

डॉक्टर वॉर्ड यांनी सारे शांतपणे ऐकले. टेबलावर अर्धे लिहिलेले एक पत्र होते. त्यावर माझे नाव मला उलटे वाचता येत होते.

"सहा पौंड कोणीही गमावतो," ते म्हणाले. "हे कोणी छापणार नाही."

"नाही."

"आणि लॉसनचा आकडा तुम्ही मला दाखवलाच नव्हता."

"नव्हता. बसत नव्हता म्हणून काढला."

त्यांनी पत्र खणात सरकवले. "एका तोलाराच्या वहीवर विसंबून मी माणसाला मैदानात सोडू?"

"त्याच्या वहीवर नको. शनिवारच्या सामन्याला इस्पितळाच्या काट्यावर पुन्हा वजन करू. दर वीस मिनिटांनी त्याला पाणी द्या आणि नाडी पाहा. शंका आली तर बाहेर काढा. या वेळी काटा मी वाचणार. पडद्यापलीकडून नाही, समोरून."

"खेळाडू चड्डीवर असतात, मिस."

"त्यांना कांबळी द्या. कांबळ्याचे वजन आधी वेगळे करू आणि मागाहून वजा करू. निपाणीत याला बारदान म्हणतात."

शनिवारी तेरा खेळाडू करड्या कांबळ्यांत गुंडाळून रांगेत उभे राहिले. मामी खुर्ची भिंतीकडे वळवून बसली. "तू तुझं आवर, मी हिकडं बघते," ती म्हणाली. प्रॉक्टर काट्यावर चढला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मिस, आमच्याकडे मेंढ्यांचे वजन असे करतात."

"मेंढ्या कमी बोलतात, कॉर्पोरल. स्थिर राहा."

सामन्यात पाहुणा संघ हरला. प्रॉक्टर शेवटच्या मिनिटापर्यंत धावत होता. फार काही करू शकला नाही, पण तीन जणांनी मिळून ओढल्याशिवाय खालीही आला नाही. नंतरच्या वजनात त्याची घट साडेसहा पौंड निघाली. बाबगोंडाच्या आकड्याशी ती अर्ध्या पौंडाच्या आत जुळली. डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा स्वतः वाकून पाहिला, मग माझ्या वहीतला पाहिला, आणि प्रॉक्टरच्या प्रवासाच्या कागदावर सही करून तो त्याच्या हातात दिला. पत्र त्यांच्या खणातच राहिले.

मंगळवारी संघ मुंबईकडे गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याची गाडी धरली. मामीने कुंद्याचा डबा दिला आणि बोटांकडे पाहून मान हलवली. कृष्णेचा पूल गेला, मिरज गेली. पेटी या वेळी मी बाकाखाली ठेवली होती. वही मांडीवर होती. वाटेत मी मनाशी ताळा केला. बेळगावच्या प्रवासात मला नवे असे काहीच सापडले नव्हते. उन्हात धावणाऱ्या माणसाचे पाणी किती जाते, हे शास्त्राला पूर्वीच माहीत होते. एक माणूस आपल्या बोटीवर चढला, एवढाच फरक. हा फरक माझ्यामुळे पडला म्हणावा, तर त्या माणसाला आधी बोटीवरून उतरवणारीही मीच होते. जमा आणि वजा जाता शिल्लक शून्य येते.

पुण्यात प्राध्यापकांनी तक्ता पाहिला. इंग्लंडच्या त्या प्रयोगशाळेला शिफारसपत्राशिवाय अर्ज करायचा आणि नमुना म्हणून हाच तक्ता जोडायचा, असे मी ठरवले होते. त्यांना ते फारसे शहाणपणाचे वाटले नाही. पण करायचेच असेल तर स्वच्छ प्रत काढा, म्हणाले. "ही मध्ये खोडलेली ओळ तरी गाळा. परीक्षकाच्या डोळ्यांत तीच आधी भरेल."

त्या दुपारी मी नवा कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि चौदा खेळाडूंची आधीची व नंतरची वजने सुवाच्य अक्षरात उतरवली. लॉसनची पहिली ओळ आली तेव्हा ती आकड्यांसह पूर्ण लिहिली, पट्टी ठेवून तिच्यावर पूर्वीसारखीच रेघ मारली, आणि तिच्याखाली दुसरी ओळ लिहिली. अर्ज गेला आहे. जूनला अजून पाच आठवडे आहेत.